राजकन्येची पितळी डबी: १९१४चा नाताळ आणि सैनिकांच्या आठवणी

लांबी पाच इंच, रुंदी सव्वातीन इंच, उंची सव्वा इंच. पितळेचा पातळ पत्रा ठोकून केलेली, मागे बिजागरी असलेली ही डबी ब्रिटनमध्ये पणजोबांच्या सामानात हमखास निघते. आपल्याकडेही जुन्या फौजी घरांतल्या ट्रंकेत, पदकांच्या आणि फाटक्या पेन्शन-बुकांच्या सोबतीने ती कधी कधी सापडते. ‘इंग्लंडच्या राणीने नाताळला दिलेली डबी’ अशी तिची ओळख करून दिली जाते. एवढ्या एका वाक्यात तीन घोटाळे आहेत. ती राणीची नव्हे, राजकन्येची. ती नाताळची खरी, पण बहुतेकांच्या हातात नाताळ उलटून गेल्यावर पडली. आणि ती राजघराण्याच्या खिशातून आलेली नाही, लोकवर्गणीतून आली.

राजघराण्याचे सण आणि पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या आठवणी हे दोन्ही विषय लोकांना मनापासून आवडतात. म्हणूनच त्यांच्याभोवती अर्धवट खऱ्या गोष्टींचं जाळं लवकर विणलं जातं. ते उलगडायला या डबीइतकं चांगलं साधन दुसरं नाही. वस्तू समोर आहे, वर्गणीचे हिशेब छापलेले आहेत, आणि ती जपणारी माणसं अगदी परवापरवापर्यंत बोलत होती.

डबी आली कुठून

राजकन्या मेरी ही ब्रिटनच्या पाचव्या जॉर्ज राजाची एकुलती एक मुलगी. तिचा जन्म २५ एप्रिल १८९७चा, म्हणजे १९१४च्या नाताळला ती सतरा वर्षांची होती. तिच्या आईचं नाव आणि तिचं नाव एकच, त्यामुळे ‘क्वीन मेरी’ आणि ‘प्रिन्सेस मेरी’ यांची गल्लत कायम होते. आघाडीवरच्या प्रत्येक सैनिकाला आणि खलाशाला आपल्या खासगी खर्चाच्या पैशातून भेट द्यावी अशी तिची पहिली इच्छा होती. ते झेपणारं नव्हतं. मग तिच्या नावाने निधी उभारायचं ठरलं आणि ऑक्टोबरच्या मध्याला जाहीर आवाहन निघालं. नाताळ अवघ्या दहा आठवड्यांवर आला होता.

सुरुवातीचा अंदाज असा होता: १ लाख ४५ हजार नौसैनिक, साडेतीन लाख सैनिक, आणि खर्च ५५ ते ६० हजार पौंड. प्रत्यक्षात जमले १ लाख ६२ हजार ५९१ पौंड, १२ शिलिंग, ५ पेन्स. यात मोठा वाटा सामान्य माणसांच्या छोट्या देणग्यांचा होता. पैसा अपेक्षेपेक्षा जास्त आला म्हणून समितीने पात्रतेची कक्षा वाढवली. १९१४च्या नाताळच्या दिवशी राजाचा गणवेश अंगावर असलेला प्रत्येक जण पात्र ठरला. हा आकडा सुमारे २६ लाख २० हजारांवर गेला. पाच लाखांची तयारी आणि सव्वीस लाखांचं देणं! पुढे जे काही विस्कटलं त्याचं मूळ या निर्णयात आहे.

समितीने लोकांचे तीन गट पाडले. अ गटात नौदल, फ्रान्सच्या आघाडीवरचे सैनिक, जखमी, आणि मारले गेलेल्यांच्या विधवा किंवा आईवडील. ब गटात ब्रिटनबाहेर इतरत्र असलेले ब्रिटिश, वसाहतींचे आणि भारतीय सैनिक. क गटात ब्रिटनमध्येच असलेले. नाताळपर्यंत डबी पोचली ती अ गटातल्या सव्वाचार लाखांच्या आसपास लोकांना. बाकीच्यांची वाटणी पुढे कित्येक महिने रेंगाळली आणि निधी बंद व्हायला १९२० साल उजाडलं. उरलेले पैसे सैनिक-खलाशांच्या बायका-मुलांसाठी राणीने सुरू केलेल्या प्रसूतिगृहाकडे गेले.

रेंगाळण्याचं मुख्य कारण पितळ. तोफगोळ्यांच्या आणि काडतुसांच्या कवचालाही तेच लागतं, आणि युद्ध चालू असताना आधी कोणाला मिळणार हे उघड आहे. अमेरिकेतून मागवलेल्या पितळेच्या पट्ट्यांचा मोठा साठा मे १९१५मध्ये ‘लुसिटानिया’ जहाजाबरोबर आयर्लंडजवळ समुद्रात गेला. म्हणून उशिराच्या डब्यांचं काम हलकं आहे. काहींना हलक्या धातूवर मुलामा दिलेला दिसतो. पहिल्या खेपेची डबी हातात घेतली तर वजन आणि ठशाचा उठाव यांवरून फरक कळतो.

झाकण नीट बघा

मधोमध राजकन्येचं मुखचित्र, भोवती लॉरेलच्या पानांची माळ, दोन्ही बाजूंना ‘एम’ हे अक्षर. वरच्या पट्टीत ‘इंपेरियम ब्रिटानिकम’ ही लॅटिन अक्षरं, त्यांच्या एका बाजूला तलवार आणि दुसऱ्या बाजूला म्यान. खालच्या पट्टीत ‘ख्रिसमस १९१४’, आणि दोन्हीकडे लाटा कापत येणाऱ्या युद्धनौकांचे पुढचे भाग. चार कोपऱ्यांतल्या गोलांत बेल्जियम, जपान, माँटेनेग्रो आणि सर्बिया. डाव्या-उजव्या कडांना फ्रान्स आणि रशिया, गुंडाळलेल्या झेंड्यांवर. सर्बियाचं स्पेलिंग त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ‘सर्व्हिया’ असं आहे. ते पाहून डबी खोटी ठरवू नका, उलट तीच खूण बरोबर आहे.

या यादीत इटली नाही, कारण इटली मे १९१५मध्ये युद्धात उतरला. झाकणाचा नमुना १९१४च्या शरदात ठरला आणि पुढे तोच चालू राहिला. त्यामुळे डबी १९१५च्या उन्हाळ्यात हातात पडली असली तरी तिच्यावर ‘ख्रिसमस १९१४’ असंच असणार. ‘झाकणावर नाताळ १९१४ आहे, म्हणजे आमचे पणजोबा त्या नाताळला फ्रान्समध्ये होते’ हा निष्कर्ष इथेच कोसळतो.

तारखेबद्दल काही सांगायचं असेल तर ते आतलं कार्ड सांगतं. अ गटाच्या कार्डावर आनंदी नाताळ आणि विजयी नववर्ष, दोन्हीच्या शुभेच्छा आहेत. उशिरा मिळालेल्या डब्यांत फक्त विजयी नववर्षाच्या. दोन्हींखाली सही ‘राजकन्या मेरी आणि मायदेशातले मित्र’ अशी. त्याच नाताळला राजा-राणीनेही सैनिकांना स्वतंत्र कार्ड पाठवलं होतं. त्यावर दोघांचे फोटो आणि ‘देव तुमचं रक्षण करो आणि तुम्हाला सुखरूप घरी आणो’ अशा अर्थाचा हस्ताक्षरातला मजकूर आहे. ते पुष्कळदा या डबीत ठेवलेलं सापडतं, पण ती वेगळी भेट आहे.

आत काय होतं, आणि कोणाला काय

डबी ओढणाऱ्यांसाठी केलेली होती. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम पाइपचा तंबाखू आणि वीस सिगारेटी, दोन्ही पिवळ्या कागदाच्या पाकिटांत. शिवाय पाइप, लायटर, कार्ड आणि राजकन्येचा फोटो. दोन पाकिटं ठेवली की डबीतली जागा संपते, त्यामुळे पाइप आणि लायटर अशा डबीत सापडले नाहीत तर काही हरवलं असं समजू नये. न ओढणाऱ्यांना आंबटगोड गोळ्या आणि खाकी कापडाचं लेखन-पाकीट, त्यात पेन्सिल, कागद, लिफाफे. परिचारिकांना चॉकलेट.

लायटर पुरेसे मिळेनात तेव्हा समितीने हाताला लागेल ते घेतलं: तंबाखूच्या पिशव्या, दाढीचे ब्रश, कंगवे, चाकू, कात्र्या, पैशाची पाकिटं. यातच ती प्रसिद्ध ‘गोळी-पेन्सिल’ आहे. खालचा भाग काडतुसाच्या पितळी कवचासारखा, वरची गोळी उपसली की पेन्सिल. दिसायला इतकी देखणी की लोकप्रिय इतिहासात ‘प्रत्येक डबीत गोळी-पेन्सिल होती’ असं सर्रास छापलं जातं. ती फक्त बदली वस्तूंपैकी एक होती.

आता भारतीय सैनिकांचा भाग. यावर लिहिणारे दोन ओळींत पुढे जातात, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त थांबायला हवं ते इथेच. समितीची यादी अशी होती. गुरख्यांना ब्रिटिश सैनिकांसारखीच भेट. शिखांना डबीत खडीसाखर, मसाल्याची टिनची डबी आणि कार्ड. तंबाखू धर्मात निषिद्ध म्हणून वगळलेला. इतर सर्व भारतीय सैनिकांना सिगारेटचं पाकीट, खडीसाखर, मसाल्याची टिनची डबी आणि कार्ड. मराठा सैनिक या तिसऱ्या ओळीत येतात. आणि शेवटी ‘भिश्ती’ या एकाच नावाखाली मोडलेले सगळे अधिकृत नोकरचाकर. त्यांच्यापुढे लिहिलंय फक्त मसाल्याची टिनची डबी आणि कार्ड.

भिश्ती म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा. त्या एका शब्दात पलटणीमागून चालणारी सगळी बिनलढाऊ माणसं बसवली होती. ती गोळ्यांच्या टप्प्यातच वावरत, पण त्यांना पितळेऐवजी टिन. युद्धानंतर पदकं वाटली तेव्हाही हाच हिशेब चालला. लढाऊ सैनिकाला ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, तर भारतीय मजूर आणि नोकरचाकरांना तेच पदक काशाचं. घरात काशाचं पदक असेल तर ते नकली नाही. तो माणूस कोणत्या रांगेत उभा होता याची ती नोंद आहे.

टिन म्हणजे कथिलाचा हात दिलेला लोखंडी पत्रा. कथिल उडालं की कोकणातला एक पावसाळा त्याला पुरतो. पितळी डब्या इतक्या टिकल्या आणि मसाल्याच्या क्वचितच दिसतात, याचं एक कारण धातूतच आहे.

मराठी घरातल्या डबीची पारख

१९१४च्या नाताळला महाराष्ट्राशी जोडलेले सैनिक मुख्यतः दोन ठिकाणी होते, आणि ही दोन ठिकाणं दोन वेगळ्या गटांत मोडतात.

पहिलं फ्रान्स. भारतीय सैन्याची पहिली तुकडी २६ सप्टेंबर १९१४ रोजी मार्सेय या फ्रेंच बंदरात उतरली. त्यात खडकीला मुख्यालय असलेल्या ३ सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. २८ ऑक्टोबरला नव्ह शापेल गावावर ४७व्या शीख पलटणीबरोबर त्यांनी हल्ला केला आणि जबर हानी सोसली. खंदक खणणारे, सुरुंग लावणारे हे कसबी सैनिक त्या दिवशी पायदळासारखे घराघरांतून लढले. त्या कंपन्यांतला कोणी नाताळला आघाडीवर असेल तर तो अ गटातला.

दुसरं मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. आपल्या घरांत त्याचं नाव ‘बसरा’. पुण्याच्या नावाची ६वी पूना डिव्हिजन ६ नोव्हेंबर १९१४ला फाव इथे उतरली आणि ९ डिसेंबरला कुर्ना तिच्या ताब्यात आलं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी याच डिव्हिजनच्या. त्या नाताळला तिथे असलेला सैनिक ब गटातला. त्याच्या डबीत नववर्षाचं कार्ड असणं अपेक्षित आहे, आणि डबी पोचली ती १९१५ साल लागल्यावर.

म्हणून घरात डबी आणि गोष्ट दोन्ही असतील तर या क्रमाने तपासा. आधी पदकाची कड भिंगाखाली धरा. डबीवर कोणाचंच नाव नसतं, पण ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. चांदीचं पदक घासून घासून ही अक्षरं पुसट होतात. तिरक्या उजेडात फोटो काढला की बऱ्याचदा वाचता येतात. मग ‘१९१४चा स्टार’ हे पदक आहे का ते पाहा. ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये असलेल्यांनाच तो मिळाला. तो असेल तर नाताळच्या आधीपासून माणूस तिकडे होता हे पक्कं. १९१४-१५चा स्टार वेगळा. बसऱ्याला गेलेल्यांकडे सहसा हा असतो.

मग पलटणीचं नाव. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. ‘आमचे आजोबा पहिल्या महायुद्धात पाचव्या मराठ्यात होते’ असं घराघरांत सांगतात. १९१४ साली ‘५वी मराठा लाइट इन्फंट्री’ या नावाची रेजिमेंट नव्हती. १९२२च्या फेररचनेत जुन्या मराठा पलटणी एकत्र करून ती झाली: १०३वी तिची पहिली बटालियन बनली, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी. आजोबा खोटं बोलत नव्हते. निवृत्तीच्या कागदावर जे नाव होतं ते त्यांनी मागे, युद्धाच्या वर्षांवरही लावलं. तुम्ही मात्र नोंदी शोधताना जुना क्रमांक वापरायचा, नाहीतर हाती काहीच लागणार नाही. तसंच १११वी महार पलटण १९१७मध्ये उभी राहिली. त्या वर्षी प्रथम भरती झालेला माणूस १९१४च्या डबीला पात्र असू शकत नाही. त्याच्या घरात ती असेल तर दुसऱ्या कोणाकडून आली.

गावच्या चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असेल तर तीही वाचा. ‘या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ असा मजकूर इंग्रजीत असतो. आकडे असतात, नावं नसतात. बसऱ्याच्या स्मारकावर हेच मोठ्या प्रमाणावर झालं: भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची फक्त संख्या. याउलट ७ ऑक्टोबर १९२७ला अनावरण झालेल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७००हून अधिक भारतीय नावं आहेत. एकाच सैन्यातले दोन शिपाई, एक फ्रान्समध्ये पडला आणि एक इराकमध्ये, आणि नाव दगडावर येणं त्यावर ठरलं. हे वाचताना राग आला तर तो रास्त आहे.

त्या रात्रीची शांतता

आता आठवणींकडे. १९१४च्या नाताळला फ्लँडर्सच्या, म्हणजे बेल्जियम-फ्रान्स सीमेवरच्या आघाडीच्या, काही भागात इंग्रज आणि जर्मन सैनिक खंदकांतून बाहेर येऊन भेटले, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. हे खरं घडलं. त्या आठवड्यातली पत्रं आणि डायऱ्या विपुल आहेत. पण ते सगळीकडे घडलं नाही. त्याच दिवशी इतर ठिकाणी गोळीबार चालू होता आणि माणसं मरत होती. कित्येक ठिकाणी भेटण्याचं पहिलं कारण प्रेतं पुरणं हेच होतं. फ्लरबेजवळ गॉर्डन हायलँडर्सच्या ६व्या बटालियनने आणि समोरच्या जर्मनांनी मिळून दफन केलं, आणि बायबलमधलं तेविसावं स्तोत्र दोन्ही भाषांत वाचलं गेलं. भारतीय सैन्यातली ३९वी गढवाल रायफल्स अजून आघाडीवर होती आणि तिच्या समोरही असा तह झाला. बाकीचे बहुतेक भारतीय सैनिक दोनतीन दिवसांपूर्वीच विश्रांतीसाठी मागे नेले होते.

डबीतला तंबाखू या भेटींत हातोहात बदलला. समोरच्या जर्मनांकडेही त्यांच्या राजघराण्याच्या भेटी होत्या. जर्मन युवराजाने आपल्या सैन्याला स्वतःचं चित्र असलेले पाइप पाठवले होते. आणि जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म हा पाचव्या जॉर्जचा सख्खा आतेभाऊ! इंग्रजीतल्या ‘कझिन’ने जे नातं धूसर होतं ते मराठीत एका शब्दात लख्ख होतं: दोन्ही बाजूंच्या खंदकांत एकाच घराण्याच्या नाताळभेटी उघडल्या जात होत्या.

फुटबॉलचं काय? त्या आठवड्यातल्या पत्रांत चेंडू लाथाडल्याचे उल्लेख आहेत. पण बरेचसे ‘शेजारच्या पलटणीत खेळले म्हणे’ अशा धाटणीचे आहेत. दोन संघ, पंच आणि ३-२ असा निकाल हे चित्र मुख्यतः कित्येक दशकांनंतरच्या कथनांतून पक्कं झालं. चेंडू उडाला असेल. स्पर्धात्मक सामना झाला असं त्या काळच्या कागदांवरून म्हणता येत नाही.

आल्फ्रेड अँडरसन यांचं उदाहरण मला सगळ्यात शिकवणारं वाटतं. स्कॉटलंडचे, ब्लॅक वॉच रेजिमेंटच्या ५व्या बटालियनचे. २१ नोव्हेंबर २००५ला वयाच्या १०९व्या वर्षी ते गेले तेव्हा ‘नाताळच्या तहाचे शेवटचे साक्षीदार’ म्हणून जगभर बातम्या झाल्या. बातमी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतं ते मधल्या मोकळ्या जागेत जर्मनाशी हात मिळवणारं पोर. पण अँडरसन स्वतः तसं म्हणत नव्हते. त्या दिवशी आम्ही आघाडीच्या मागे एका शेतघरात मुक्कामाला होतो, बाहेर येऊन उभे राहिलो, असं ते सांगत. दोन महिने कानावर फक्त गोळ्यांची शिट्टी आणि तोफा. आणि एकदम काहीच नाही. त्यांना आठवत होती ती शांतता, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालेला गोळीबार.

हस्तांदोलन, फुटबॉल, झाडावरच्या मेणबत्त्या यांतलं काहीही त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं नाही. नव्वद वर्षं लोक तेच विचारत असताना हे सोपं नाही. शांतता ऐकल्याची ही आठवण मला शंभर फुटबॉल सामन्यांपेक्षा मोलाची वाटते, कारण ती कुठल्याही हुकूमनाम्यात किंवा पलटणीच्या रोजनिशीत सापडणार नाही. रोजनिशीत ‘शांत दिवस’ एवढं लिहिलेलं असतं.

अँडरसन यांच्याकडे राजकन्येची डबी होती. ते ओढत नसत; सिगारेटी त्यांनी मित्रांना वाटल्या. आईने सप्टेंबर १९१४मध्ये दिलेला छोटा ‘नवा करार’ (बायबलचा दुसरा भाग) त्या डबीत अचूक बसला आणि तिथेच राहिला. म्हणजे तंबाखूसाठी केलेली वस्तू शेवटी आईच्या भेटीचं घर झाली. आपण कॅप्टन फर्गस बोज-लायन यांचे काही काळ बॅटमन, म्हणजे अधिकाऱ्याचे खासगी शिपाई होतो, असंही ते सांगत. फर्गस सप्टेंबर १९१५मध्ये लूसच्या लढाईत मारले गेले. त्यांची धाकटी बहीण एलिझाबेथ १९२३मध्ये राजघराण्यात लग्न होऊन आली. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शिरताना तिने हातातला पुष्पगुच्छ अनाम सैनिकाच्या समाधीवर ठेवला. राजघराण्यातल्या वधूंनी पुष्पगुच्छ त्या समाधीवर पाठवायचा हा पुढचा रिवाज त्यातून आला.

राजघराण्याच्या बहुतेक ‘जुन्या’ प्रथांना अशीच नेमकी जन्मतारीख असते. ख्रिसमसचं झाड व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्टने आणलं म्हणतात. राणी शार्लटने ते विंडसरला १८०० सालीच उभारलं होतं. अल्बर्ट-व्हिक्टोरियाचं झाड १८४८मध्ये एका सचित्र साप्ताहिकात छापून आलं आणि घरोघर गेलं. राजाचं नाताळचं रेडिओ भाषण १९३२चं. दुपारी तीनची वेळ निवडली कारण लघुलहरींवर ते तेव्हा साम्राज्याच्या जास्तीत जास्त भागात ऐकू जाई. आपल्या घड्याळात साडेआठ. आणि सैनिकांना भेट पाठवायची कल्पनाही मेरीची पहिली नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात व्हिक्टोरियाने अर्धा पौंड चॉकलेटचे टिनचे डबे पाठवले होते, १९०० सालच्या नववर्षाच्या शुभेच्छांसह. ‘राणीची डबी’ हा शब्द कदाचित तिथूनच लोकांच्या तोंडी राहिला असावा.

मराठा पलटणींचा आठवणीतला नाताळ मात्र १९१४चा नाही, पुढच्या वर्षीचा असायला हवा. ७ डिसेंबर १९१५पासून मेसोपोटेमियातलं कुत-अल-अमारा हे गाव तुर्कांनी वेढलेलं होतं. २४ डिसेंबरला तुर्की सैन्याने तिथल्या किल्ल्याच्या फुटलेल्या तटावर मोठा हल्ला चढवला, आणि तो परतवणाऱ्यांत १०३वी मराठा पलटण होती. वेढा २९ एप्रिल १९१६ला शरणागतीने संपला. इंग्रजांचा नाताळ म्हणजे गाणी आणि तह असं मराठी वाचकानेही पाठ केलंय. त्याच सणाच्या आदल्या दिवशी सातारा-रत्नागिरीच्या पोरांनी मातीचा तट राखला हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्यांच्या मुलाखती नाहीत. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने सैनिकांचे आवाज ध्वनिमुद्रित करायला १९७०च्या दशकात सुरुवात केली, पण आपल्या गावांत ध्वनिमुद्रक घेऊन कोणी फिरलं नाही. फ्रान्समधल्या भारतीय सैनिकांच्या पत्रांचे उतारे उरलेत ते सेन्सॉरने भाषांतर करून ठेवले म्हणून. जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत भाषातज्ज्ञांनी भारतीयांचे आवाज तबकड्यांवर घेतले. डिसेंबर १९१६मधल्या तशा एका तबकडीत मल्ल सिंग नावाचा शिपाई सांगतो की हिंदुस्थानात एक माणूस लोणी खात असे. स्वतःबद्दल तो असा तिसऱ्या पुरुषी बोलतो.

घरात ऐकलेली आठवण नोंदवताना

आजोबांकडून ऐकलेलं सांगणारी ऐंशीपार माणसं अजून आहेत. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. सुरुवातीलाच तारीख, गाव, सांगणाऱ्याचं नातं बोलून घ्या. ‘नाताळच्या तहात आजोबा होते का?’ असं विचारू नका. उत्तर तुमच्या प्रश्नातूनच तयार होतं. ‘थंडी होती का? पाणी कुठून यायचं? खायला काय होतं?’ असं विचारा. अंगाला आणि पोटाला कळलेलं जास्त टिकतं. तारखा आणि पलटणींचे क्रमांक आधी घसरतात. चुकीचा क्रमांक ऐकू आला तर मध्येच दुरुस्त करू नका. जसं सांगितलं तसं राहू द्या, तपासलेलं वेगळ्या कागदावर लिहा. सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिलं, वडिलांकडून ऐकलं, की सिनेमात बघितलं, हे हळूच विचारून घ्या.

आणि डबीला चिंच-मीठ लावू नका. पितळेत तांबं आणि जस्त असतं. आंबट पदार्थ जस्त आधी खातो, मग पत्र्यावर तांबूस डाग उमटतात आणि ते जात नाहीत. पितळ चकाकवणारी पावडरही नको. पत्रा पातळ आणि ठसा उथळ, त्यामुळे सगळ्यात आधी झिजतो तो राजकन्येचा गाल आणि ‘सर्व्हिया’ची अक्षरं, आणि खाचांत पांढरी पूड बसते ती वेगळीच. कोरड्या मऊ कापडाने पुसा. झाकण उघडताना दोन्ही कोपरे एकदम उचला. एका बाजूने ओढलं की बिजागरी पिळवटते. आत तंबाखू किंवा सिगारेटी असतील तर पाकीट न उघडता वेगळ्या कागदी लिफाफ्यात काढून ठेवा, तंबाखूची आर्द्रता धातूला चावते. कार्ड आणि फोटो लॅमिनेट करू नका. पावसाळ्यात डबीशेजारी सिलिका जेलची पुडी टाका आणि दर महिन्याला बदला. सोबतच्या चिठ्ठीवर नाव, गाव, कोणाकडून आली हे शिसपेन्सिलीने लिहा, शाई ओलीत पसरते. मसाल्याची टिनची डबी सापडली तर तिला आधी कोरड्या जागी हलवा, आणि गंजलेलं झाकण जोर लावून उघडू नका.